प्राडाची चप्पल आणि कोल्हापूरचा दावा

२२ जून २०२५ च्या रविवारी मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. हंगाम होता २०२६ चा उन्हाळा. रॅम्पवरून चालणाऱ्या काही मॉडेल्सच्या पायांत सपाट तळाची, अंगठ्याची, आडव्या पट्ट्याची चामडी चप्पल होती. कंपनीने दिलेल्या माहितीत ती फक्त 'लेदर सँडल' होती. कुठली, कुणाची, कुणी पहिल्यांदा शिवलेली, याबद्दल अवाक्षर नाही. कोल्हापूर, सांगली, निपाणी, अथणीकडच्या माणसाला मात्र फोटो पाहून ओळख पटवायला क्षणभरही लागला नाही.

पुढच्या सहा महिन्यांत जे घडलं ते सोशल मीडियावरच्या नेहमीच्या भांडणापेक्षा वेगळं निघालं. इटालियन कंपनीने लेखी कबुली दिली, तिची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल होऊन फेटाळली गेली आणि डिसेंबरात दोन राज्यांच्या महामंडळांशी करार झाला. वरवर पाहता हा आपला विजय आहे, आणि वर्तमानपत्रांनी तो तसाच छापला. मला वाटतं, श्रेयाची लढाई लवकर जिंकता आली ती सोपी होती म्हणून. अवघड प्रश्न चपलेच्या मालकीचा आणि मजुरीचा आहे. तो मिलानमध्ये निर्माण झाला नाही, त्यामुळे मिलानमध्ये सुटणारही नव्हता.

पहिला आठवडा

फोटो फिरले तसा संताप उसळला. 'चोरी' हा शब्द पहिल्या दिवसापासून होता. किमतीचे आकडे अंदाजाने फेकले जाऊ लागले, लाखाच्या पुढचे. मीम्स आल्या. आणि एरवी महाद्वार रोडवर चपलेसाठी दीडशे रुपयांची घासाघीस करणारी मंडळी कारागिरांच्या हक्कांवर हिरिरीने बोलू लागली.

कामाचं पहिलं पाऊल उचललं ते महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने. अध्यक्ष ललित गांधी यांनी प्राडाला पत्र पाठवलं. ही रचना कोल्हापुरी चपलेशी मिळतीजुळती आहे, त्या चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठराविक भागातल्या वस्तूच्या नावाला कायद्याचं संरक्षण) आहे, तेव्हा श्रेय द्या आणि कारागिरांशी सहकार्याची शक्यता पाहा, असा त्याचा आशय होता. पत्रात शिवीगाळ नव्हती, मागणी नेमकी होती. कोल्हापूरच्या लोकप्रतिनिधींनीही कारागिरांना सोबत घेऊन मुख्यमंत्र्यांची भेट घेतली.

उत्तर काही दिवसांतच आलं, तेही प्राडा कुटुंबातल्या माणसाकडून. मिउच्चा प्राडा आणि पात्रित्सिओ बेर्तेल्ली यांचा मुलगा लोरेन्झो बेर्तेल्ली कंपनीत सामाजिक उत्तरदायित्वाचं काम पाहतो. शोमधल्या सँडल शतकांचा वारसा असलेल्या भारतीय हस्तकलेच्या पादत्राणांवरून प्रेरित आहेत, हे त्याने मान्य केलं. सोबत असंही कळवलं की संग्रह अजून रचनेच्या प्राथमिक टप्प्यावर आहे, यातली कुठलीही वस्तू विक्रीला येईलच असं ठरलेलं नाही, आणि कंपनी चर्चेला तयार आहे. वकिलांनी तपासून दिल्यासारखं पत्र ते. प्रेरणा मान्य, विक्री अमान्य, त्यामुळे नुकसानभरपाईचा प्रश्नच नाही.

इथे एक जुनी गोष्ट आठवायला हवी, कारण तिच्यामुळे 'आम्हाला कल्पना नव्हती' ही सबब उरत नाही. २०१० मध्ये याच कंपनीने 'प्राडा मेड इन' नावाचा संग्रह काढला होता. त्यात स्कॉटलंडचे किल्ट होते, पेरूची अल्पाका लोकर, जपानचं डेनिम आणि भारताचं चिकनकाम. ज्या देशात वस्तू बनली त्याचं नाव लेबलवर अभिमानाने लावलेलं. म्हणजे श्रेय कसं द्यायचं हे प्राडाला पंधरा वर्षांपूर्वीपासून ठाऊक होतं. २०२५ मध्ये ते राहून गेलं, याचा अर्थ कुणाला ते आवश्यक वाटलं नाही. मला हे चोरीपेक्षा जास्त लागतं. चोराला निदान माल कुणाचा आहे ते माहीत असतं.

कायद्यात काय बसतं

'जीआय आहे ना, मग खटला भरा,' हे त्या दिवसांत सगळ्यात जास्त ऐकू आलेलं वाक्य. भौगोलिक मानांकनाचा भारतीय कायदा १९९९ चा, अंमल सप्टेंबर २००३ पासून. त्याखाली कोल्हापुरी चपलेचं मानांकन २०१९ पासून सर्वांना माहीत झालं. त्याची हद्द आठ जिल्ह्यांची: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नोंदणी दोन सरकारी महामंडळांच्या नावावर आहे. महाराष्ट्राकडून संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम. कर्नाटकाकडून डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ, म्हणजे लिडकर. ज्या सीमेवरून दोन राज्यं साठ-सत्तर वर्षं भांडताहेत, तिच्या दोन्ही बाजूंनी एकाच अर्जावर सह्या केल्या, हे आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. वाद पेटल्यावर कर्नाटकचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी आठवण करून दिलीच, की यातले पुष्कळ कारागीर अथणी, निपाणी, चिकोडी भागातले आहेत. ते खरं आहे. अथणीची चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून जगभर गेली, कारण बाजारपेठ कोल्हापूरची होती.

पण हे मानांकन रक्षण करतं ते नावाचं. आठ जिल्ह्यांबाहेर किंवा ठरलेल्या पद्धतीने न बनवलेली चप्पल कुणी 'कोल्हापुरी' म्हणून विकली, तर तो भंग. प्राडाने ते नाव वापरलंच नाही. आपल्याला ज्या गोष्टीचा सर्वाधिक राग आला, नाव न घेतल्याचा, तीच गोष्ट कंपनीला कायद्याच्या कचाट्यातून वाचवत होती. चपलेवर 'कोल्हापुरी' छापलं असतं तर निदान भारतात दावा उभा राहिला असता. इटलीत भारतीय मानांकन चालत नाही, हा आणखी वेगळा अडथळा.

मग आकाराचं काय? डिझाइन कायद्याची नोंदणी नव्या रचनेलाच मिळते, आणि तीही जास्तीत जास्त पंधरा वर्षांसाठी. पिढ्यान्‌पिढ्या पायात असलेली चप्पल नवी कशी म्हणणार? अंगठा आणि पट्टा यांवर कुणाचीच मक्तेदारी नाही, आणि माझ्या मते नसावीही. उद्या तीच मक्तेदारी एखाद्या कंपनीने मिळवली तर कागलच्या कारागिरालाच नोटीस येईल.

जुलैच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. पुण्याचे बौद्धिक संपदा कायद्याचे अभ्यासक गणेश हिंगमिरे आणि सहकारी वकिलांनी ती केली होती. माफी, नुकसानभरपाई, कारागिरांचं संरक्षण अशा मागण्या होत्या. १६ जुलैला मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. मुद्दा साधा होता. ही चप्पल तुमची आहे का? मानांकनाचे नोंदणीकृत धारक ती दोन महामंडळं आहेत. तक्रार असेल तर त्यांनी दिवाणी दावा लावावा, पुरावे मांडावेत. जनहित याचिका हा त्याचा मार्ग नव्हे.

काही जणांना हा निर्णय कोरडा वाटला. मला तो या प्रकरणातला सर्वांत उपयोगी क्षण वाटतो, कारण न्यायालयाने नकळत बोट ठेवलं ते दुखऱ्या जागेवर. तीन आठवडे सगळा देश बोलत होता: उद्योगपती, नट-नट्या, खासदार, वकील, फॅशनचे पत्रकार. ज्यांच्या नावावर हक्क होता ती दोन महामंडळं या गोंगाटात जवळजवळ ऐकूच आली नाहीत. आणि ज्यांच्या हातांनी चप्पल बनते त्या माणसांचं नाव तर त्या हक्काच्या कागदावर थेट नाहीच. कायद्यात 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून कारागिराला स्वतःची नोंद करता येते आणि मग त्यालाही भंगाविरुद्ध दाद मागता येते. पण त्यासाठी अर्ज, पुरावे, पाठपुरावा लागतो. रापी-आरी घेऊन ओसरीवर बसलेल्या माणसाकडे कचेरीच्या खेपा मारायला वेळ कुठला?

चप्पल कशी होते

हे माहीत नसेल तर पुढचा पैशाचा हिशेब कळणार नाही.

तळाला म्हशी-रेड्याचं जाड कातडं. कच्चं कातडं चुन्यात घालून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमवायचं. जुन्या पद्धतीत कातडं पिशवीसारखं शिवून, आत हेच पाणी भरून टांगून ठेवत. रसायनांनी जे काम थोडक्या दिवसांत उरकतं त्याला इथे महिना-दीड महिना जातो. त्या बदल्यात मिळतो तो पिवळसर तांबूस रंग, आणि घाम शोषून पायाच्या आकाराला येणारा तळ. मग रापीने कापणं, थर जोडणं, आरीने भोकं पाडून चामड्याच्याच वादीने शिवणं. खिळा नाही. पट्ट्यावरची वेणी, गोंडे, नक्षीची भोकं हे नाजूक काम बहुतेक घरांत बायका करतात. वेणीसाठी बकऱ्याचं मऊ चामडं. शेवटी तेल पाजायचं.

प्रकार गावागणिक. सेनापती कापशीवरून कापशी, कुरुंदवाडवरून कुरुंदवाडी, शिवाय पुकारी, बक्कलनाळी, कच्चकडी. पूर्वी जड, करकर वाजणाऱ्या पायताणाला मान होता. चालणारा दिसायच्या आधी त्याचा आवाज पोचे. आता शहरातल्या गिऱ्हाइकाला हलकी आणि बिनआवाजाची हवी असते. प्राडाला आवडली ती हीच सडसडीत, आधुनिक पायाला मानवणारी आवृत्ती.

आणि हे काम कुणी करायचं, हे जातीने ठरवलेलं होतं. ढोर समाजाने कातडं कमवायचं, चर्मकारांनी शिवायचं. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण ज्या समाजाने केली, त्याच समाजाने जून २०२५ मध्ये तीच वहाण अस्मिता म्हणून डोक्यावर घेतली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी संस्थानातल्या निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि या चपलेलाही आश्रय दिला. त्यांना वस्तूचा मान आणि माणसाचा मान या दोन गोष्टी एकत्र दिसत होत्या. गेल्या वर्षीच्या गदारोळात 'आमची परंपरा' हे शब्द शेकडो वेळा आले. त्या 'आमची'मध्ये कमावणारे आणि शिवणारे कितपत धरले होते, असा प्रश्न एखाद्या चर्मकार कार्यकर्त्याने विचारला तर त्याला गप्प बसवणं कठीण जावं.

कातड्याच्या पुरवठ्याची अडचण तर कुणी काढलीच नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी बैल-वळूंनाही लागू झाली. कर्नाटकात २०२० च्या कायद्याने निर्बंध आणखी कडक झाले. म्हशीचं कातडं महाराष्ट्रात बंदीत येत नाही, पण वाहतूक, तपासणी, गोदामावरचे छापे यांची भीती सगळ्याच धंद्याला बसली. कातडं महागलं. कमावणारी घरं कमी झाली. बरेच कारागीर चेन्नईकडून येणारं तयार चामडं वापरू लागले. या कायद्यांच्या बाजूने किंवा विरोधात मत काहीही असो, कोल्हापुरीचा अभिमान आणि कातड्याची टंचाई एकाच विधिमंडळाच्या खात्यावर आहेत, एवढं तरी मान्य करायला हवं.

जुलै ते डिसेंबर

जुलैच्या मध्याला प्राडाची माणसं कोल्हापुरात आली. जवाहरनगर, सुभाषनगर भागातली कामं पाहिली, कारागिरांशी, व्यापाऱ्यांशी बोलली. कारखानदारीच्या नजरेने आलेली माणसं काय पाहतात, हे सहज ताडता येतं: मापं सारखी आहेत का, एकासारखी दुसरी जोडी निघते का, हजार जोड्या वेळेत होतील का, चामडं कुठून आलं याची नोंद आहे का. यातल्या शेवटच्या दोन प्रश्नांवर आपल्या बाजूने उत्तर देणं सोपं नव्हतं.

दरम्यान गावातल्या दुकानांना सुगी होती. पापाच्या तिकटीकडच्या चप्पल लाईनला चौकशा वाढल्या, ऑनलाइन विकणाऱ्यांनी 'प्राडाच्या आधीपासून' छापाच्या जाहिराती केल्या. लिडकॉमनेही अस्सलपणा दाखवण्यासाठी चपलेसोबत क्यूआर कोड देण्याची योजना पुढे आणली. हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण कोल्हापुरीच्या नावाची खरी लूट देशातच होते. पुण्या-मुंबईच्या फूटपाथवर रेक्झिनच्या, यंत्रावर ठोकलेल्या चपला 'कोल्हापुरी' म्हणून विकल्या जातात. इथे नाव वापरलं जातं, म्हणजे इथे कायदा थेट लागू होतो. तरी त्या विक्रेत्यांविरुद्ध कुणी जनहित याचिका केली नाही. बहुधा आपल्यापैकी अनेकांच्या पायांत त्याच होत्या.

११ डिसेंबर २०२५ ला मुंबईत, इटलीच्या वाणिज्य दूतावासात, प्राडा, लिडकॉम आणि लिडकर यांच्यात सामंजस्य करार झाला. जाहीर झालेलं असं: महाराष्ट्र आणि कर्नाटकात २००० जोड्या बनतील, स्थानिक तंत्र आणि इटालियन तंत्र यांची सांगड घालून. जोडीची किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने ऐंशी हजार रुपयांच्या वर. विक्री फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या ४० प्राडा दुकानांत आणि ऑनलाइन. तीन वर्षांची भागीदारी, भारतात प्रशिक्षण, काहींना इटलीतल्या प्राडा अकादमीत थोडे दिवस शिकायची संधी. कारागिरांना रास्त मोबदला मिळेल आणि प्रकल्पावर काही दशलक्ष युरो खर्च होतील, असं बेर्तेल्लीने सांगितलं. मालिकेचं नाव 'प्राडा मेड इन इंडिया', आणि पुढे कोल्हापुरी चपलांपासून प्रेरित असल्याचा उल्लेख.

मानांकनाच्या दृष्टीने ही मांडणी हुशारीची आहे. 'कोल्हापुरी' हे नाव आलं, पण ही चप्पल कोल्हापुरी आहे असा दावा आला नाही. दोन्ही बाजूंना सोयीचं. इटालियन फेरफार केलेल्या जोडीला मानांकनाच्या अटी लागत नाहीत, आणि महामंडळांना श्रेय मिळाल्याचं सांगता येतं.

आता हिशेब. २००० जोड्या गुणिले ८०० युरो म्हणजे १६ लाख युरो, रुपयांत सोळा कोटींच्या पुढे. प्राडासारख्या कंपनीच्या उलाढालीत ही रक्कम खिजगणतीतही नाही. प्रकल्पाचा सांगितलेला खर्च बघता नफ्यासाठी हे चाललेलंच नाही. हा प्रतिमेवरचा खर्च आहे, आणि प्रतिमा वाचवायची म्हणून कंपनी पैसे खर्च करत असेल तर त्यात वाईट काही नाही. आपल्या बाजूने मात्र २००० जोड्या म्हणजे किती? बाजारात हजार-दीड हजाराला बरी जोडी मिळते. हजारो कुटुंबांचा हा धंदा आहे. त्यात दोन हजार जोड्यांचं काम मोजक्या घरांना थोडे महिने पुरेल. बाकीच्यांना मिळेल ती हवा.

ती हवाही कमी लेखू नये, हा युक्तिवाद मला पटतो. महामंडळाच्या बाजूनेही सांगितलं गेलं की मोठ्या ब्रँडने हात लावला की मागणी वाढते. आधी झालंही आहे. साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी मंडळींनी या चपला अमेरिका-युरोपात नेल्या आणि निर्यात वाढली. पण ती लाट ओसरल्यावर मागे कायमचं काय राहिलं? दलालांच्या साखळ्या राहिल्या, स्वस्त नकला राहिल्या, आणि 'कोल्हापुरी' हे अंगठ्याच्या कुठल्याही चपलेचं सामान्यनाम होऊन बसलं. म्हणून करारातल्या जोड्यांच्या संख्येपेक्षा प्रशिक्षणाचं कलम मला मोलाचं वाटतं. पोरं या धंद्यात राहत नाहीत ही मूळ तक्रार आहे, आणि त्यांच्या आई-बापांनाही ती राहायला नकोच आहेत. शिकलेला मुलगा सुभाषनगरात बसून नमुने काढेल, चामड्याची प्रत ओळखेल, थेट परदेशी गिऱ्हाइकाशी बोलेल आणि त्याचे पैसे मागेल, अशी वाट त्या प्रशिक्षणातून निघाली तर करार सार्थकी लागेल. मिलानहून आलेल्या मापांप्रमाणे शिवून देणारे हात तयार झाले, तर नाही. आपण याला कंत्राटी मजुरी म्हणतो, आणि ती शिकायला इटलीला जावं लागत नाही.

त्याच उन्हाळ्यात मेक्सिको

योगायोगाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये जवळजवळ हीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला घडली. आदिदासने डिझायनर विली चावारियासोबत काढलेला एक जोड ओहाका राज्यातल्या याललाग गावच्या पारंपरिक 'वाराचे' सँडलसारखा निघाला. तिथे पहिला आवाज राज्य सरकारने उठवला, राष्ट्राध्यक्षा क्लाउडिया शेनबाउम यांनी जाहीरपणे विषय काढला, आणि महिना संपायच्या आत कंपनीच्या प्रतिनिधीने थेट गावात जाऊन लोकांसमोर माफी मागितली. मेक्सिकोने २०२२ मध्ये आदिवासी आणि आफ्रो-मेक्सिकन समुदायांच्या सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केलेला आहे, त्यात हक्क समुदायाचा मानलेला आहे.

फरक नीट बघण्यासारखा आहे. आपल्याकडे पत्र व्यापाऱ्यांच्या संघटनेने लिहिलं, करार महामंडळांनी केला. तिथे माफी गावाने ऐकली. आपल्या पदरात काम पडलं, त्यांच्या पदरात माफी. मला विचाराल तर काम बरं. पण समोर कोण बसलं होतं, हा फरक उरतोच.

एक कंटाळवाणी पण महत्त्वाची तारीख

या सगळ्या गाजावाजात २२ सप्टेंबर २०२५ कुणाच्या लक्षात राहिली नाही. त्या दिवसापासून जीएसटीचे नवे दर आले. आधी हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर १२ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर होता. आता अडीच हजारांपर्यंत ५ टक्के. दीड हजाराची अस्सल, हाताने शिवलेली जोडी याच पट्ट्यात येते. जुन्या रचनेत चांगली चप्पल बनवणाऱ्यालाच जास्त कराची शिक्षा होती: हजाराच्या आतली नक्कल १२ टक्क्यांवर, दीड हजाराची खरी जोडी १८ टक्क्यांवर. ते उलटं गणित मोडलं. हा निर्णय कोल्हापूरसाठी नव्हता, सगळ्या देशाच्या चपला-बुटांसाठी होता. तरी प्राडाच्या दोन हजार जोड्यांपेक्षा गावच्या गल्ल्यावर त्याचा परिणाम अधिक पडेल, असं मला वाटतं. मात्र दुकानदाराने वाचलेले पैसे शिवणाऱ्यापर्यंत पोचवले तर.

पुढची खिडकी युरोपातच

सामंजस्य करार होण्याच्या बरोबर दहा दिवस आधी, १ डिसेंबर २०२५ ला, युरोपीय संघात एक नियम लागू झाला. तोवर संघाच्या पातळीवर भौगोलिक मानांकन फक्त शेतमाल, खाद्यपदार्थ, मद्य अशा गोष्टींना मिळायचं. आता हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंनाही मिळू शकतं: मुरानोची काच, सोलिंगेनच्या सुऱ्या, आणि संघाबाहेरच्या देशातल्या वस्तूही, जर त्यांना मायदेशी मानांकन असेल तर. कोल्हापुरी चपलेला ते आहेच. म्हणजे युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयात, स्पेनमधल्या अलिकांतेला, 'कोल्हापुरी'चा अर्ज जाऊ शकतो. तो मंजूर झाला तर पुढच्या वेळी इटलीतल्या दुकानात हे नाव कुणी, कोणत्या वस्तूवर, कसं वापरायचं याला इटलीतच कायदा असेल. आकार तेव्हाही मोकळाच राहील.

त्या नियमात अर्जदार म्हणून अपेक्षा आहे ती मुख्यतः उत्पादकांच्या गटाची. आठ जिल्हे, दोन राज्यं, कमावणारे आणि शिवणारे, कापशीचे आणि अथणीचे, स्वतःच्या दुकानाचे मालक आणि जोडीमागे मजुरी घेणारे, हे सगळे एका नोंदणीकृत गटात आणायचे. कातडं कोणतं, कमावणं कसं, यंत्राला कुठपर्यंत परवानगी, चेन्नईचं चामडं चालेल की नाही, हे एका कागदावर आणून त्यावर एकमत करायचं. याची सुरुवात लिडकॉम आणि लिडकरने करून द्यावी लागेल, पण सह्या कारागिरांच्या हव्यात.